पिस्तुलावरचे चार आकडे

साताऱ्याकडच्या एका गावात, एका निवृत्त शिक्षकांच्या माजघरात बसून मी एकदा एक पिस्तूल पाहिलं होतं. गुरुजींनी ते जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं. फडकं सोडलं आणि आतून चकचकीत, आरशासारखं पिस्तूल बाहेर आलं. गारगोटीच्या ठिणगीवर उडणारं, पुढून दारू ठासायचं, नऊ इंची नळीचं. नळीखालचा गज बिजागरीला जोडलेला, म्हणजे घोड्यावर बसून ठासताना हातातून निसटू नये अशी सोय. लष्करी पिस्तूल होतं यात शंका नव्हती.

"बघा, यावर सालच लिहिलंय," गुरुजी म्हणाले.

खरंच लिहिलेलं होतं. घोडा ज्या पोलादी पट्टीवर बसवलेला असतो, तिला जाणकार लॉक-प्लेट म्हणतात. त्या पट्टीवर पुढच्या बाजूला राजमुकुट, खाली 'व्ही आर' म्हणजे राणी व्हिक्टोरियाची अक्षरं, मागच्या बाजूला 'टॉवर' हा शब्द आणि त्याखाली चार ठसठशीत आकडे : १८५७. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते की, त्या वर्षीच्या धामधुमीत गुरुजींच्या खापरपणजोबांनी हे एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या हातून हिसकावून घेतलं. आता ते एखाद्या संग्रहालयाला द्यावं, अशी गुरुजींची इच्छा होती आणि त्याआधी कुणीतरी ते पाहावं म्हणून मला बोलावलं होतं.

चहा येईपर्यंत मी पिस्तूल हातात घेऊन नुसता बसून राहिलो. कारण ते चार आकडे पाहिल्या क्षणीच मला खटकले होते, आणि ते गुरुजींना कसं सांगावं हे कळत नव्हतं.

का खटकले, ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

लष्करी हत्यारावरचा शिक्का ही काही सजावट नव्हे. तो कारकुनी व्यवहार आहे. सरकार हजारो पिस्तुलं घेतं, पैसे मोजतं, तेव्हा नळी तपासली का, माल ताब्यात घेतला का, कोणत्या रिसाल्याला दिला, तिथे त्याचा नंबर काय, या प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी ठसा मारतो किंवा कोरतो. आपल्या तहसील कचेरीतल्या कागदावर जसे एकावर एक शिक्के पडत जातात, तसंच. हत्यार वाचायचं म्हणजे हे शिक्के वाचायचे.

आता 'टॉवर' म्हणजे टॉवर ऑफ लंडन. ब्रिटिश सरकारच्या शस्त्रखात्याचं, बोर्ड ऑफ ऑर्डनन्सचं, ते मोठं कोठार. पण टॉवर लिहिलं म्हणजे हत्यार तिथेच घडलं असं नव्हे. नळ्या आणि लॉक बरेचसे बर्मिंगहॅमच्या कारागिरांकडून यायचे, जुळणी कंत्राटदार करायचे. टॉवरचं नाव म्हणजे सरकारने माल पत्करला, एवढंच. त्याच्या जोडीला राजमुकुट, राजाच्या नावाची अक्षरं आणि सरकारी मालमत्तेची खूण असलेला रुंद फाळाचा बाण.

आपली ईस्ट इंडिया कंपनी मात्र वेगळी. ती व्यापारी कंपनी. तिचं सैन्य तिचं स्वतःचं, तिची हत्यारंही स्वतःची. ती सहसा टॉवरच्या दारात जात नसे, लंडनच्या बंदूक-कारागिरांना आपली स्वतंत्र कंत्राटं देई. त्यामुळे तिचा शिक्काही वेगळा. सुरुवातीला बदामाचा आकार, त्याचे चार भाग, चारांत चार अक्षरं : व्ही, ई, आय, सी. यातला व्ही हा जुन्या पद्धतीने लिहिलेला यू. म्हणजे 'युनायटेड ईस्ट इंडिया कंपनी'. बदामाच्या डोक्यावर इंग्रजी चारच्या आकड्यासारखी खूण, ही जुन्या व्यापाऱ्यांची, मालाच्या गाठोड्यावर मारायची. कापसाच्या गाठीवरची खूण बंदुकीवर! १८०८ च्या सुमारास बदाम गेला आणि मागच्या पायांवर उभा राहिलेला, पंजात मुकुट धरलेला सिंह आला. १८५८ मध्ये कंपनीचं राज्य संपलं, तिचं सैन्य राणीकडे गेलं आणि सिंहही संपला.

सालाचंही एक गणित आहे. टॉवरच्या लॉकवर पूर्वी कारागिराचं नाव आणि साल कोरत. १७६४ मध्ये ही पद्धत बंद झाली. त्यानंतर कित्येक दशकं सरकारी लॉकवर नुसतं 'टॉवर'. साल परत आलं ते गारगोटी जाऊन टोपीची हत्यारं आली तेव्हा, म्हणजे १८४० च्या आगेमागे. कंपनीने मात्र १७६४ नंतरही बरीच वर्षं आपल्या लॉकवर नाव आणि साल ठेवलं. म्हणून मुकुट, टॉवर आणि '१७८०' असं एकत्र दिसलं की जाणकाराची भुवई वर जाते. पण बदाम आणि '१७९९' दिसलं तर त्यात वावगं काही नाही.

नियम सांगितला की अपवादही सांगायला हवा, नाहीतर अर्ध्या माहितीवर माणसं खऱ्याला खोटं ठरवून मोकळी होतात. एकाच हत्यारावर कंपनीचा बदाम आणि सरकारी खूण, दोन्ही असली तर ते बनावट का? नेहमीच नाही. १७९३ मध्ये फ्रान्सशी युद्ध पेटलं, सरकारकडे बंदुका कमी पडल्या आणि त्यांनी कंपनीच्या गोदामातल्या बंदुका विकत घेतल्या. कंपनीचा शिक्का तसाच राहिला, सरकारचा त्याच्या शेजारी पडला. विसंगती दिसते, पण ती इतिहासाचीच आहे.

अमेरिकेत तर याहून मजेशीर प्रकार आहे. तिथल्या लष्कराने १८७३ मध्ये कोल्टचं रिव्हॉल्व्हर घेतलं, साडेसात इंची नळीचं. २५ जून १८७६ रोजी लिटल बिगहॉर्नला जनरल कस्टर आणि त्याच्याबरोबरचे घोडेस्वार मारले गेले. ही लढाई तिकडे इतकी गाजली, की त्या वर्षांतल्या लष्करी कोल्टला अफाट मोल आलं. एन्सवर्थ नावाच्या सरकारी तपासनिसाची 'ओ डब्ल्यू ए' ही आद्याक्षरं आणि 'यू एस' हा ठसा असला की किंमत कुठल्या कुठे. साहजिकच साध्या, नागरी विक्रीच्या कोल्टवर हे ठसे मारणारे निघाले. पण १८९५ नंतर लष्करानेच यातली बरीच रिव्हॉल्व्हरं परत बोलावली, नळ्या कापून साडेपाच इंची केल्या आणि पुन्हा जुळणी करताना याचा सांगाडा त्याची नळी असे सुटे भाग सरमिसळ झाले. म्हणजे या आखूड लष्करी कोल्टवर सगळे नंबर वेगवेगळे असणं हेच स्वाभाविक! सगळे नंबर नीट जुळत असतील तर उलट जरा थांबून पाहावं.

जर्मनांच्या लुगर पिस्तुलाचंही तेच. १९०८ मध्ये त्यांच्या लष्कराने ते स्वीकारलं. काही लुगरांवर '१९१७' आणि '१९२०' अशी दोन सालं एकावर एक दिसतात. नवख्याला वाटतं, कुणीतरी खोडसाळपणा केला. पण १९२० हा पहिल्या महायुद्धात हरलेल्या, सैन्य आक्रसलेल्या जर्मनीने आपल्या ताब्यातल्या हत्यारांवर मारलेला मालकीचा ठसा आहे. तो खराच आहे. खोटे असतात ते बहुधा नाझी संघटनांचे. तो विजेसारखा 'एस एस' ठसा मारला की पैसे जास्त मिळतात ना!

मग खरं-खोटं ओळखायचं कसं? पुस्तकातल्या चित्राशी ताडून? तेवढ्याने भागत नाही. चित्र बनावट करणाऱ्याकडेही असतंच. शिक्क्याचा आकार त्याला बरोबर साधतो. चुकतो तो क्रम.

लॉक-प्लेट घडवताना कारागीर आधी पट्टीला कानशीने आकार देई, मग त्यावर खुणा आणि अक्षरं कोरी. त्यानंतर पट्टी हाडं, कातडं आणि कोळसा यांच्यासकट बंद पेटीत घालून लाल होईतो तापवत, आणि एकदम पाण्यात बुडवत. यामुळे लोखंडाची वरची पातळ कातडी काचेसारखी कडक होते. एकदा ती कडक झाली की कोरणी चालत नाही, कानस घसरते. म्हणजे क्रम असा : आधी अक्षरं, मग कडकपणा. शंभर-दीडशे वर्षांनी ज्याला नवीन अक्षरं घालायची आहेत, त्याला आधी पट्टी पुन्हा तापवून मऊ करावी लागते. मऊ केली की जुना रंग उडतो, पोत बदलतो. मग तो सगळीकडे पॉलिश मारतो. कारण न मारून चालतच नाही!

दुसरा साक्षीदार गंज. जुन्या लोखंडावर सुईच्या टोकाएवढे गंजाचे खड्डे असतात. भिंगाखाली पाहा. अक्षर जुनं असेल तर खड्डे अक्षराच्या तळातही उतरलेले असतात, अक्षराची कड त्यांनी खाल्लेली असते. अक्षर नवं असेल तर त्याची रेघ खड्ड्याला कापत सरळ पुढे जाते आणि आसपास खडबडीत असताना अक्षराचा तळ मात्र स्वच्छ. ठसा मारलेला असेल तर आणखी एक गोष्ट : ठशाने धातू बाजूला सरतो आणि कडेला बारीक वरंबा उठतो, नांगराच्या तासाला उठतो तसा. मूळ कारखान्यात ठशानंतर घासकाम होई, म्हणून तो वरंबा सपाट झालेला असतो. नव्या ठशाचा वरंबा बोटाच्या टोकालाही लागतो.

तिसरा साक्षीदार लाकूड. हे मला सगळ्यात आवडतं, कारण याला भिंगही लागत नाही. कारखान्यात लॉक-प्लेट दस्त्यात अशी बसवत की लोखंड आणि लाकूड यांची पातळी एक. जुनी खूण कानशीने काढून टाकली की लोखंड खाली जातं, लाकूड होतं तिथेच राहतं. नखाने ओळीवरून चाचपलं की पायरी लागते.

आणि शेवटचं, पट्टी उघडून आत पाहणं. आतल्या भागांवर जुळणी करणारा कानशीने बारीक रेघा मारी. कुठे दोन, कुठे तीन. एका हत्याराच्या स्प्रिंगवर, स्क्रूवर, पट्टीवर तेवढ्याच रेघा, म्हणजे भागांची अदलाबदल होऊ नये. बाहेर नक्कल करणारे आत फारसे डोकावत नाहीत, कारण गिऱ्हाइकही डोकावत नाही.

बाजारात याहून ढोबळ नमुनेही पुष्कळ येतात. वायव्य सरहद्दीवर, पेशावर आणि कोहाट यांच्या मधल्या दर्रा आदमखेल भागात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ब्रिटिश हत्यारांच्या नकला हाताने घडवल्या जात. २००१ नंतर अफगाणिस्तानात गेलेल्या परदेशी सैनिकांनी तिथल्या बाजारातून अशा पुष्कळ वस्तू हौसेने घरी नेल्या. त्यांच्यावर एन अक्षर उलटं, मुकुट तिरका, एन्फील्डचं स्पेलिंग भलतंच. आणि 'व्ही आर' खाली साल १९०६. राणी तर जानेवारी १९०१ मध्येच वारलेली! पण या कारागिरांना मी फसवे म्हणायला तयार नाही. त्यांना बंदूक चालायला हवी होती. अक्षरं त्यांच्या लेखी नक्षी होती, लिपी येत नसलेल्या माणसाने डोळ्यांनी उतरवून घेतलेली. तिला 'राणीची खरी बंदूक' म्हणून विकणारा दुकानदार मात्र वेगळा.

तर आता गुरुजींच्या माजघरात परत येऊ.

पहिला प्रश्न होता गारगोटीचा. १८५७ पर्यंत सरकारी हत्यारांत गारगोटी जाऊन टोपी येऊन पंधरा-वीस वर्षं उलटली होती. १८५७ साली टॉवरच्या सहीशिक्क्याने गारगोटीचं नवं पिस्तूल निघणं शक्य नव्हतं. दुसरं असं, की त्या काळात अनेक गोरे अधिकारी स्वतःच्या पैशाने घेतलेलं रिव्हॉल्व्हर बाळगत. असं दणकट, साधं पिस्तूल शिपायाचं, घोडेस्वाराचं. खोगिराच्या पुढच्या चामडी पिशवीत राहणारं.

मी नख फिरवलं. पायरी होती, लोखंड लाकडाच्या खाली गेलेलं. भिंगातून पाहिलं, आकड्यांचे तळ लख्ख. गुरुजींची परवानगी घेऊन पट्टी उघडली. आत सगळ्या भागांवर तीन-तीन रेघा, सगळं मूळचं, शंभर नंबरी. मग खिडकी लोटून घेतली आणि विजेरीचा उजेड पट्टीवर अगदी आडवा टाकला. 'व्ही आर'च्या मागे, पॉलिशच्या खाली, एका प्राण्याचा मागचा पाय आणि शेपटीचा बाक दिसला. सिंह होता. पिस्तूल कंपनीचं होतं, अस्सल होतं, आणि १८५७ च्या किमान एक पिढी आधीचं होतं.

"गुरुजी, हे कधी घासलंत?"

त्यांनी आठवून सांगितलं. १९५७ साली सत्तावन्नची शताब्दी झाली, तेव्हा गावातल्या प्रदर्शनात ठेवण्यासाठी त्यांच्या वडिलांकडून कुणीतरी पिस्तूल मागून नेलं होतं. गुरुजी तेव्हा शाळकरी पोर. "त्याआधी ते काळं होतं. परत आलं तेव्हा असं चमकत होतं. आम्हाला वाटलं, पूर्वी मळाखाली आकडे झाकलेले असतील, ते आता दिसायला लागले."

म्हणजे इथे पैशाचा लोभ नव्हता. कुणातरी भल्या माणसाला प्रदर्शनातल्या वस्तूवर साल असावं असं वाटलं, आणि एखाद्या हुशार कारागिराने ते घालून दिलं. मुकुट आणि 'टॉवर' बहुधा कुठल्यातरी चित्रावरून घेतलं. पण एवढ्यावर भागलं असतं तर मला फार वाईट वाटलं नसतं. पिस्तुलाच्या मुठीच्या टोकाला पितळी टोपी होती. तिच्यावर पुसट 'एल सी' अशी दोन अक्षरं राहिली होती. लाइट कॅव्हलरी, म्हणजे कंपनीचा नियमित रिसाला. अक्षरांच्या वर, टोपीच्या सर्वांत फुगीर भागावर, रिसाल्याचा क्रमांक असायला हवा. फुगीर भाग पॉलिशच्या चाकावर आधी झिजतो. तिथे काहीही उरलं नव्हतं.

हा एक आकडा गेला म्हणजे काय गेलं, ते सांगतो. कंपनीच्या मुंबई सैन्यात लाइट कॅव्हलरीचे तीन रिसाले होते, मद्रासमध्ये आठ, बंगालमध्ये दहा. समजा, तिथे तीनचा आकडा असता. बंगालचा तिसरा रिसाला म्हणजे मीरतचा. त्याच्या पंच्याऐंशी स्वारांनी २४ एप्रिल १८५७ रोजी काडतुसं घ्यायला नकार दिला आणि १० मे रोजी जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मुंबईचाही एक तिसरा रिसाला होता. तो त्याच वर्षी फेब्रुवारीत इराणात खुशाबच्या मैदानावर कंपनीसाठी लढला आणि पुढेही कंपनीच्याच बाजूने राहिला. दोन्हींतले स्वार आपलेच, हिंदी. हे पिस्तूल अशाच कुठल्यातरी रिसाल्यातल्या आधीच्या पिढीच्या स्वाराच्या खोगिरात होतं. कुठल्या, ते आता ते सांगू शकत नाही.

गुरुजी बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं ते मला अपेक्षित नव्हतं.

"म्हणजे आमचा खापरपणजा कंपनीच्या चाकरीत होता, असंही असेल?"

"असेलही," मी म्हटलं. "त्यांनी ते हिसकावलंही असेल. पिस्तूल दोन्हींतलं काहीच म्हणत नाही. ते फक्त इतकंच म्हणतंय, की ते गोऱ्या अधिकाऱ्यासाठी बनलेलं नाही."

तो आकडा परत मिळवता येईल का, असंही त्यांनी विचारलं. पोलिसांच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळांत खोडलेले नंबर वाचतात. ठसा मारताना खालचा धातूही दबलेला असतो, आणि तांब्याचे क्षार मिसळलेलं आम्ल लावलं की पोलादाचा तो दबलेला भाग वेगळा रंगतो. चुंबकाची पद्धतही आहे, पण पितळेला चुंबक लागत नाही. आणि इथला क्रमांक ठशाचा नव्हता, कोरलेला होता. कोरताना धातू दबत नाही, निघून जातो. झिजलं ते झिजलं. आम्ल लावून उरलेली दोन अक्षरंही घालवण्यात अर्थ नव्हता, आणि मी तसं सांगितलं.

जाता जाता, ज्यांच्या घरात असं काही जुनं असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. घासू नका. काळं आहे ते काळं राहू द्या, फार तर कोरड्या मऊ फडक्याने धूळ टिपा. ठासून पाहू नका, आत जुनी दारू असू शकते. आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली आपल्या वस्तूला परवाना लागतो की ती निकामी पुराणवस्तू ठरते, हे जिल्ह्याच्या कचेरीत विचारून घ्या. घरातलं आहे म्हणून चालतं, असं समजू नका.

गुरुजींनी पिस्तूल पुन्हा धोतराच्या फडक्यात गुंडाळलं. मग उठून फडताळातून वहीचा एक कागद काढला आणि शिक्षकाच्या वळणदार अक्षरात, पेन्सिलीने, त्यावर लिहिलं : 'यावरील मुकुट, अक्षरे व १८५७ हे आकडे इ. स. १९५७ मध्ये कोरलेले आहेत. त्यापूर्वी येथे सिंह होता.' खाली तारीख घातली, सही केली, आणि चिठ्ठी फडक्याच्या आतल्या घडीत ठेवली.